आमच्या सोईतला सोंगक्रान

एप्रिल जवळ आला, म्हणजे सोंगक्रान हा थाई नववर्षाचा, एकमेकांवर पाणी उडवायचा सण जवळ आला, की उत्तर थायलंडच्या चिआंग माय शहरातल्या परदेशी लोकांचे आपोआप गट पडतात. एक गट फेब्रुवारीतच पळालेला असतो. शेतातली धसकटं आणि डोंगरातला पालापाचोळा पेटू लागला की धूर या खोऱ्यात साचून राहतो, दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो, आणि ज्यांना परवडतं ते दक्षिणेकडच्या बेटांवर निघून जातात. दुसरा गट प्लास्टिकच्या बंदुका घेऊन जुन्या शहराच्या खंदकाकाठी उभा राहतो. तिसरा घरात बसून 'खरा सोंगक्रान आता राहिला नाही' असं म्हणतो. या तिसऱ्या गटात पन्नाशी ओलांडलेले, बँकेत आठ लाख बाट दाखवून निवृत्तीचा व्हिसा घेतलेले लोक जास्त. त्यांच्याशी माझं वैर नाही. त्यांतले एक इंग्रज आजोबा आमच्याच सोईत, म्हणजे गल्लीत राहतात आणि झाडाचे आंबे पाठवतात.

मी कुठल्याच गटात नव्हते. मी नागपूरची. इथल्या एका शाळेत गणित शिकवते. सोंगक्रानची सुट्टी म्हणजे पडदे ओढून पेपर तपासायचे दिवस. नागपूरच्या माणसाला चाळीस अंशांचं कौतुक नसतं आणि भर रस्त्यात अंगावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची हौसही नसते.

हे बदललं ते घर बदलल्यामुळे. शहरातला फ्लॅट सोडून मी सारफी तालुक्यात राहायला आले. चिआंग मायहून लांफूनला जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यांगची प्रचंड झाडं आहेत, शंभराहून अधिक वर्षांची. त्यांच्या बुंध्यांना भगवं वस्त्र गुंडाळलेलं असतं. झाडाला भिक्खूसारखी दीक्षा दिली की त्याला कुऱ्हाड लावायला कुणी धजत नाही. त्याच रस्त्याच्या एका सोईत मॅ उयचं लाकडी घर आहे आणि तिच्या मागच्या अंगणात माझं भाड्याचं. मॅ उय म्हणजे आजी. सगळी सोई तिला तेच म्हणते. तिच्या लेकीला मी पा म्हणते, म्हणजे थोरली मावशी. मला सगळे ख्रू म्हणतात, म्हणजे मास्तरीण. मार्च संपता संपता पा दारात येऊन म्हणाली, "ख्रू, रविवारी देवळात सोंगक्रानची बैठक आहे. टोपी घालून ये, सालाचा पत्रा तापतो."

साला म्हणजे देवळाच्या आवारातला उघडा मंडप. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासमधला बर्फ, आणि हातात माइक घेतलेला पो लुआंग, म्हणजे आमचा गावप्रमुख. मला वाटलं होतं की सण शेकडो वर्षांचा आहे तर ठरवायचं काय उरलं असणार. बैठक दुपारभर चालली.

पहिलं भांडण तारखेचं. थायलंडची सरकारी सुट्टी 13 ते 15 एप्रिल अशी पक्की आहे. उत्तरेत, म्हणजे जुन्या लान्ना मुलखात, या दिवसांना आपापली नावं आणि कामं आहेत. पहिला सांखान लाँग, जुनं वर्ष निघून जाण्याचा. मधला वान नाओ, स्वयंपाकाचा आणि तयारीचा. मग फया वान, म्हणजे नव्या वर्षाचा राजा दिवस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाक पी, म्हणजे वर्षाचं तोंड. हे सगळं सूर्य मेष राशीत शिरण्यावरून मोजतात. गणित नीट केलं तर फया वान कधी कधी 16 तारखेला पडतो. निवृत्त मुख्याध्यापक पंचांगाचा कागद घेऊनच आले होते. त्यांचं म्हणणं, राजा दिवस 16 लाच. समोरच्या रांगेत लांफूनच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी पोरं बसली होती, आणि ज्यांची मुलं बँकॉकला आहेत ते आईबाप. बँकॉक इथून सातशे किलोमीटर. 15 च्या रात्री बस पकडली नाही तर नोकरीवर खाडा. इंग्रज आजोबांनी आपल्या बायकोकरवी सांगितलं की परंपरेप्रमाणे जे खरं असेल तेच करावं, 16.

मी गालातल्या गालात हसत होते. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद ऐकत मी मोठी झाले आहे.

शेवटी मॅ उय बोलली. "16 ला मी आशीर्वाद कुणाला देऊ? पंचांगाला?" सालात हशा पिकला आणि 15 ठरली. मुख्याध्यापकांचा मान म्हणून 16 ला देवळात वेगळं सूत्रपठण ठेवलं. पो लुआंगने हे वहीत लिहून घेतलं, मग लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या ग्रुपवर टाकलं, मग खांबावरच्या भोंग्यावरून सांगितलं. तिन्ही ठिकाणी सांगितल्याशिवाय इथे काही ठरलं असं कुणी मानत नाही. तसंही या देशात नववर्षाचा मुक्काम बराच हलला आहे. 1889 साली राजाने सरकारी नवं वर्ष 1 एप्रिलला आणलं, 1941 पासून ते 1 जानेवारीला गेलं. सोंगक्रान तरीही राहिला. लोकांना एप्रिलमध्ये घरी यायचंच होतं.

दुसरा प्रश्न दाम हुआचा होता. दाम हुआ म्हणजे वडीलधाऱ्यांकडे जाऊन सुगंधी पाणी, फुलं, लाह्या, एखादं वस्त्र द्यायचं, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांची क्षमा मागायची आणि आशीर्वाद घ्यायचा. उत्तरेतला खरा सोंगक्रान हाच, असं कुणीही सांगेल. पूर्वी ढोल घेऊन टोळी घरोघरी जायची. आता सगळ्या म्हाताऱ्यांना सालात एका रांगेत बसवावं असा प्रस्ताव आला. कारण साधं होतं. त्या दिवसांत रस्त्याने पिकअप गाड्या पाण्याची पिंपं घेऊन फिरतात, मोटारसायकली घसरतात. सरकार सोंगक्रानच्या सुट्टीला 'धोक्याचे सात दिवस' म्हणतं आणि त्या सात दिवसांत देशभरात बहुतेक वर्षी दोनशेहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात. भर उन्हात, त्या गर्दीतून दारोदार हिंडायचं कुणी? सालातच करायचं ठरलं. जे अंथरुणावर आहेत त्यांच्याकडे मात्र घरी जायचं.

मग कामं वाटली. तुंग, म्हणजे वाळूच्या स्तूपावर रोवायच्या कागदी पताका, शाळकरी मुलांकडे. वाळू पो लुआंगकडे. पाणी पाकडे आणि माझ्याकडे.

पाणी म्हणजे नळाचं नव्हे, सोम पॉयचं. ते काय असतं हे मला वारोरोत बाजारात कळलं. चिआंग मायचे लोक त्या बाजाराला काद लुआंग म्हणतात. सोंगक्रानच्या आधी तिथे एका अख्ख्या ओळीत वाळलेल्या तपकिरी शेंगांच्या जुड्या लटकत असतात. मी एक शेंग हातात घेतली, नाकाशी नेली आणि थेट दिवाळीच्या पहाटेत जाऊन पोचले. शिकेकाई! तिच्यासारखी नव्हे, तिची भाऊबंद नव्हे, तीच. वनस्पतिशास्त्रातही दोन्हींचं नाव एकच आहे. आमच्या घरी ती रात्री भिजत घालून सकाळी उकळायची, फेस काढायचा, आणि आई डोळ्यांत जाईपर्यंत चोळायची. इथे तिच्यावर भूतबाधा आणि अवदसा घालवण्याचं काम सोपवलेलं आहे. मी पाला सांगितलं की आम्ही याने केस धुतो. ती म्हणाली, "आम्हीही धुवायचो. मग शांपू आला."

आमच्या टोपलीत मग आणखी ओळखीच्या गोष्टी पडत गेल्या. करडईच्या वाळलेल्या केशरी पाकळ्या. करडईचं तेल खाल्लेली मी, तिच्या पाकळ्या विकत घ्यायची वेळ पहिल्यांदा आली. हळकुंडं. आणि सारफीची वाळलेली फुलं, ज्यांच्यावरून आमच्या तालुक्याला नाव पडलं. शेजारच्या टपरीवर हे सगळं आयतं भिजवून गाळलेल्या पाण्याच्या बाटल्याही होत्या, वर सोनेरी लेबल. मी त्यांच्याकडे तिरस्काराने पाहून पुढे गेले. घरी आल्यावर मॅ उयने पहिला प्रश्न विचारला, "बाटली का नाही आणली? तुमची दुपार वाचली असती."

पाने तिचं ऐकलं नाही. शेंगा निखाऱ्यावर भाजायच्या असतात. उकळायच्या नाहीत. पालथ्या-उलट्या करत राहायचं. साल फुगते, थोडी करपते, आणि आंबटसर, गुळासारखा जळका वास सुटतो. पाच्या मते सगळं या वासातच आहे, आणि तो बाटलीत भरता येत नाही. भाजलेल्या शेंगा मोडून मोठ्या मातीच्या रांजणातल्या पाण्यात टाकायच्या. चोळायच्या नाहीत, नाहीतर फेस येतो. माझा हात सवयीने चोळायलाच जात होता आणि पा तो चमच्याने बाजूला करत होती. सात बियांच्या शेंगा निघाल्या की ती वेगळ्या ठेवायची, त्या देवळातल्या बुद्धमूर्तीच्या स्नानासाठी. मग हळदीच्या चकत्या, करडई, सारफीची फुलं. तासाभरात पाणी पिवळं झालं. रांजणावर पांढरं फडकं बांधून आम्ही तो अंगणात सावलीला ठेवला. शेजारणी येऊन फडकं उचलून वास घेऊन जायच्या आणि पाला काहीतरी सांगायच्या. टीका असणार; कम मुआंग, म्हणजे उत्तरेची बोली, मला अजून पुरती समजत नाही. थोडी टीका असल्याशिवाय एवढ्या बायका आल्या नसत्या.

13 च्या पहाटे फटाक्यांनी जाग आली. जुन्या वर्षाची घाण घेऊन सांखान नावाचं म्हातारा-म्हातारीचं जोडपं नदीतून वाहत जातं आणि त्यांनी वाटेत थांबू नये म्हणून आवाज करायचा, अशी इथली समजूत. मॅ उयने सांगितलं की तिच्या लहानपणी बापे लोक बंदुकीचा बार काढायचे. मग घर झाडणं, गाद्या उन्हात घालणं, कपडे धुणं, डोक्यावरून आंघोळ. या दिवशी मला काहीच शिकावं लागलं नाही. दिवाळीआधीची साफसफाई ज्या घरात झाली आहे तिथली कुठलीही बाई इथे सरळ कामाला लागेल.

दुपारी वाळू आली. वर्षभर देवळात येणाऱ्यांच्या तळव्यांना चिकटून आवारातली माती बाहेर जाते. ती देवळाची मालमत्ता. सोंगक्रानला परत करायची. म्हणून प्रत्येकाने नदीतून वाळू आणायची, तिचे छोटे स्तूप रचायचे, वर तुंग रोवायचे. पिंग नदी आमच्या पश्चिमेला वाहते. मॅ उय पोर असताना चांदीच्या सलुंगमध्ये, म्हणजे नक्षीच्या वाडग्यात, वाळू भरून रांगेने देवळापर्यंत चालत यायची. आमची वाळू लॉरीतून आली. पो लुआंगच्या ओळखीतल्या बांधकाम सामानवाल्याकडून. ती फाटकाशी ओतली, आणि फाटकापासून बोधिवृक्षापर्यंत आम्ही ती बादल्यांतून नेली. इंग्रज आजोबा हे पाहून खरोखर दुखावले. नदी एवढी जवळ असताना विकतची वाळू? त्यांनी मला विचारलं, तुला हे चालतं का? मी म्हटलं, नदीतून बादलीभर वाळू आणायला तुम्ही येता का, मी येते. त्यांचा गुडघा दुखत होता. माझं कंबरडंही काही फार बरं नव्हतं.

ती लॉरी रिकामी केली ती सोईच्या टोकाला राहणाऱ्या शान मजुरांनी. शान म्हणजे म्यानमारच्या डोंगराळ सीमेपलीकडून आलेले लोक. चिआंग मायमधल्या निम्म्या भिंती त्यांनीच बांधल्या असतील. त्यांच्या मुलांच्या श्रामणेर-दीक्षेचा सोहळा, पॉय सांग लाँग, नुकताच आटोपला होता, आणि एका मुलाच्या मुंडण केलेल्या डोक्यावर आता कुठे केस फुटत होते. सोंगक्रान त्यांचाही आहे. सगळ्यांची वाळू झाल्यावर त्यांनी कुंपणाच्या कोपऱ्यात स्वतःचा स्तूप रचला. तो आमच्यापेक्षा उंच आणि जास्त सुबक झाला, कारण वाळूला किती पाणी लागतं हे त्यांना कळतं. मी दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला माझा पत्ता कळवते. त्यांना गुलाबी ओळखपत्राची मुदत वाढवून घ्यावी लागते. दोघंही परवानगीवर राहणारे. पण मी आणि आजोबा 'एक्स्पॅट', ते 'कामगार'. बैठकीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं. हे मला त्या दिवशी बादली धरून उभी असताना सुचलं, बैठकीत नाही.

14 एप्रिलला इथे वान नाओ असतो आणि माझ्या घरी भीमजयंती. या दिवशी इथे कुणी कुणाला शिवी द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही. तोंड सडतं म्हणतात, आणि भांडलात तर वर्षभर भांडत राहाल. त्यामुळे स्वयंपाकघरात पाच-सहा बायका असूनही विलक्षण शांतता होती. मोठ्या पातेल्यात कॅंग हांगले शिजत होतं. डुकराचं चरबीवालं मांस, ढीगभर आलं, चिंच, लसणाचं लोणचं, ताडाचा गूळ, आणि हांगलेची पूड. ही भाजी ब्रह्मदेशातून आली आणि पुडीचा वास घेतला की तिथे ती कुठून आली असेल हेही कळतं. नारळाचं दूध नाही, ही उत्तरेची शान. बाजूला केळीच्या पानात खनोम चोक बांधणं चाललं होतं. बाहेर चिकट तांदळाचं पीठ, आत नारळ-गुळाचं सारण.

मी सकाळीच माझ्या फळीवर बाबासाहेबांचा फोटो मांडून मेणबत्ती लावली होती. मॅ उय पानं मागायला आली आणि फोटोसमोर थांबली. कोट, टाय, चष्मा.

"हे कोण? वडील?"

"नाही. आमच्या देशाची घटना यांनी लिहिली. आणि आम्हाला बुद्धाकडे यांनी आणलं."

"कधी?"

"1956 साली. नागपूरला. एका दिवसात."

"एका दिवसात किती जण?"

"लाखो."

मॅ उयने पानं काखेत धरली आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "आम्हाला तर कुणी विचारलंच नाही." आणि हसत निघून गेली. बौद्ध असणं ही ठरवायची गोष्ट असू शकते हे तिला एवढं गमतीचं वाटलं की संध्याकाळपर्यंत तिने ते सगळ्या स्वयंपाकघराला सांगितलं होतं.

रात्री नागपूरला फोन केला. भाऊ संविधान चौकातून बोलत होता आणि डीजेमुळे त्याचं अर्धंच ऐकू येत होतं. चुलतबहीण मात्र त्याच्यावर चिडलेली. तिच्या वस्तीत अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होता आणि तिच्या मते जयंती साजरी करायची तर तशीच. दर वर्षी आमच्या घरात हा वाद होतो, डीजे की पुस्तक. खरी जयंती कुठली? बाबासाहेबांची पहिली जाहीर जयंती पुण्यात 1928 साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी काढली. आमच्या सणांना जन्मतारखा आहेत. ते कुणीतरी ठरवले, वर्गणी काढली, परवानगी आणली, आणि मग पुढच्यांनी बदलले. म्हणूनच असेल, 'खरा सोंगक्रान' हे शब्द ऐकले की माझ्या मनात लगेच प्रश्न येतो: त्याची वाळू कोण वाहत होतं?

फया वानची सकाळ माझ्यासाठी सगळ्यांत अवघड ठरली. त्या सकाळी देवळात थान खान खाओ असतं. जेवणाचं ताट, फुलं, मेणबत्ती भिक्खूंना द्यायची, ती घरातल्या मृतांच्या नावाने. पा चिठ्ठ्या घेऊन बसली होती. तिने आपल्या वडिलांचं, नवऱ्याचं, अपघातात गेलेल्या भाच्याचं नाव लिहिलं आणि पेन माझ्याकडे केलं. "तुझे वडील गेलेत ना? नाव सांग, मी थाईत लिहिते."

बावीस प्रतिज्ञांतली सहावी मला पाठ आहे. मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आमचे बाबा ही प्रतिज्ञा नुसती म्हणत नसत. शेजाऱ्यांच्या पितरांचं जेवणही त्यांनी कधी घेतलं नाही. मेलेल्याला जेवण पोचतं यावर माझा विश्वास नाही, आणि सणाच्या भरात तो ठेवायचाही नव्हता. मी पाला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "पोचतं की नाही कुणाला माहीत? भिक्खू जेवतात ना, ते दिसतं." मग मी बसून पाहत राहिले. भिक्खूंनी पठण सुरू केलं. थाई उच्चारांतली पाली समजायला थोडा वेळ लागतो, पण पंचशील ओळखू आलं, आणि त्यानंतर 'इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो', म्हणजे हे माझ्या नातलगांना लाभो, ते सुखी होवोत. लोक छोट्या भांड्यातून वाटीत पाण्याची धार सोडत होते. 'यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं', भरलेल्या नद्या जशा सागर भरतात. बाबा गेल्यावर नागपूरच्या विहारात आम्ही हेच केलं होतं. पत्रिकेवर छापलं होतं, 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. तिथे त्याला कुणी श्राद्ध म्हटलं नव्हतं. मी पाला नाव सांगितलं. ताट तिचंच होतं, मी फक्त पाणी ओतलं. भिक्खूंनी नाव वाचताना त्याचे असे काही हाल केले की मला हसू आवरेना, आणि माझ्याकडे बघून पालाही.

हे स्वतःला पटवून घेणं होतं का? थोडं होतं. बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तू तिकडे जाऊन बामणीण झालीस. आम्ही अजून त्यावर बोलतो आहोत.

दुपारी साला भरला. म्हातारी मंडळी एका ओळीत खुर्च्यांवर, अंगावर जास्वंदी-जांभळी हातमागाची वस्त्रं. आमचा रांजण मध्यभागी. मुलं त्यातलं पाणी सलुंगमध्ये काढून समोर नेत होती. उत्तरेच्या रीतीने वडीलधाऱ्यांवर पाणी ओतायचं नसतं. सलुंग समोर धरायची. ते त्यात बोटं बुडवून स्वतःच्याच डोक्यावर पाणी फिरवतात. पण शाळांमध्ये, कचेऱ्यांमध्ये, टीव्हीवर सगळीकडे बँकॉकची पद्धत दिसते, म्हणजे जोडलेल्या तळव्यांवर पाणी सोडायचं. पोरांनी ओळीतल्या पहिल्याच आजोबांच्या तळव्यांवर धार धरली. पो लुआंगने माइकवरून सुधारणा केली, आजोबांनी हात पुढे ठेवले ते ठेवलेच, आणि पुढे ज्याला जसं जमेल तसं होत गेलं. मॅ उयने दोन्ही केलं. आधी तळवे धुऊन घेतले, मग तेच डोक्यावरून फिरवले.

आशीर्वाद लांबलचक असतो, अर्धा पाली, अर्धा बोलीत. 'एवं होन्तु' ने सुरू होतो आणि मग आयुष्य, वर्ण, सुख, बळ, गुरंढोरं, भाताची कोठारं असं वाढत जातं. सोईत तो अख्खा येणारा एकच माणूस उरला आहे. तो फोनवरून वाचत होता. नातीने त्याच्याकडून ऐकून टाइप करून दिला होता, मोठ्या अक्षरांत. पाठ असताना तो मधलं कडवं विसरायचा. आता विसरत नाही, असं त्याने स्वतःच मला सांगितलं.

गंमत झाली ती इंग्रज आजोबांची. ते फोटो काढायला आले होते. पो लुआंगने त्यांचा हात धरून त्यांना खुर्च्यांच्या ओळीत बसवलं. सत्तरी उलटलेली, म्हणजे ते वडीलधारेच. त्यांच्यासमोर पोरं गुडघे टेकून बसली, टॉवेल-साबणाची टोपली ठेवली, सलुंग धरली आणि वाट बघू लागली. आशीर्वाद देणं भाग होतं. ते दोन-तीन वाक्यं थाईत बोलले, अडखळले, मग इंग्रजीतच काहीतरी बराच वेळ म्हणत राहिले. पोरांना शब्द कळला नाही. डोकी मात्र पूर्ण वेळ खाली होती. मीही त्यांच्यासमोर बसले. सणाविषयीची तक्रार त्या दुपारी त्यांच्या तोंडून ऐकू आली नाही.

आणि मग अर्थातच पाणी. रंगीत बंदुका, बर्फ, नळाला लावलेले पाइप, कुठल्याशा लूक थुंगच्या, म्हणजे थाई गावरान संगीताच्या, गाण्यावर थरथरणारा भोंगा. युनेस्कोने डिसेंबर 2023 मध्ये सोंगक्रान अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या आपल्या यादीत घेतला. पुढच्या वर्षी सरकारने 1 ते 21 एप्रिल असा तीन आठवड्यांचा महासोंगक्रान जाहीर केला तेव्हा पा म्हणाली होती, "एकवीस दिवसांचं पाणी कोण भरणार?" आमच्या सोईतलं पाणी अंधार पडेपर्यंत पुरलं. सगळ्यांत निर्दय नेमबाज मॅ उय निघाली. फाटकात खुर्ची टाकून, बागेचा पाइप मांडीवर घेऊन ती जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला आधी हात जोडायची, मोटारसायकल थांबायची, आणि मग ती पाइप सोडायची. डोक्यावरचं सोम पॉयचं पाणी अजून वाळलंही नव्हतं.

16 ला पाक पी. त्या दिवशी सगळ्यांकडे कच्च्या फणसाची भाजी, कॅंग खानुन. वर्षभर आधार मिळावा म्हणून ती खायची. डुकराच्या बरगड्या, टोमॅटो आणि शेवग्यासारख्या दिसणाऱ्या एका उग्र वासाच्या पाल्यासकट. मुख्याध्यापकांचं सूत्रपठण सकाळी झालं. पंचांगाप्रमाणे. सहा माणसं होती आणि ते प्रसन्न दिसत होते.

आठवड्याने सालात हिशोब वाचला. वाळूचे पैसे वर्गणीतून फिटले आणि वाळू आता विहाराच्या कंपाउंडच्या भिंतीला वापरायची. भिंत बांधणार शान मजूर, म्हणून त्यांचा मुकादम या वेळी बैठकीत बसला होता. पुढच्या वर्षी फया वान 15 ला की 16 ला यावर लाइनच्या ग्रुपवर मतं मागवली. इंग्रज आजोबांनी 15 ला दिलं. 16 ला म्हणे पोरं नसतात. माझ्या नावापुढे सोम पॉय लिहिलं गेलं आणि पाने खाली टीप टाकली की ख्रूने शेंगा चोळू नयेत. शिलकीतून सालात दोन पंखे घ्यायचं एकमताने ठरलं. ते म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांवर लावायचे की भिक्खूंच्या आसनावर, यावर मात्र बैठक तासभर लांबली. वान नाओ कधीच होऊन गेला होता, त्यामुळे आवाज चढवायला कुणाची हरकत नव्हती.